तंगुसाचा सागरी सेतू : प्रकल्प नोंदी

शनिवार, ६ जुलै २०२४

विषय ठरला. डिसेंबरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीतली पाच मुलं वांद्रे-वरळी सागरी सेतूचा नमुना करणार. माझी अट एकच : दोरे खरोखर रस्ता उचलून धरतील असा नमुना हवा. दोरा कापला तर रस्ता खाली आला पाहिजे. मुलांनी अट लगेच मान्य केली, कारण कोसळण्याची कल्पना त्यांना फारच आवडली.

पाच जण असे : माहीम कोळीवाड्यातला एक, जुळे भाऊ, गाणं शिकणारी एक आणि हिशेबाची वही आवडीने ठेवणारी एक. या वहीतल्या नोंदी मी लिहीन, मोजमापं ती लिहील.

पाचांपैकी सेतूवरून गेलेली एकच, तीही मामाच्या लग्नाच्या गाडीत, रात्री. दुचाकी, रिक्षा आणि पायी चालणारे यांना वर जायला बंदी आहे. ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांच्यासाठी सेतू म्हणजे माहीमच्या किनाऱ्यावरून दिसणारी एक रेघ. रोज दिसते, पाय कधी लागत नाहीत. हे मला आज पहिल्यांदा जाणवलं आणि लागलं. निदान नमुन्याला तरी यांचे हात लागू देत.

बुधवार, १० जुलै

आकडे गोळा केले. सेतूची एकूण लांबी ५.६ किलोमीटर. मार्गिका आठ, चार जाण्याच्या आणि चार येण्याच्या. ३० जून २००९ला उद्घाटन झालं तेव्हा निम्म्याच मार्गिका खुल्या झाल्या होत्या, आठही मार्गिका मार्च २०१० मध्ये. बहुतेक लांबीत दर ५० मीटरवर खांब आहे. तो भाग आम्ही करणार नाही. आमचं लक्ष वांद्र्याच्या बाजूच्या खाडीवरच्या भागावर : मध्ये एकच मनोरा, १२८ मीटर उंच, आणि त्याच्या दोन्ही अंगांना २५० मीटरचे दोन गाळे. या पाचशे मीटरात खाली एकही खांब नाही. सगळा भार २६४ केबल मनोऱ्यावर नेऊन टाकतात.

मुलांनी भागाकार केला. २६४ केबल चार रांगांत, म्हणजे एका रांगेत ६६, मनोऱ्याच्या एका बाजूला ३३. दोन केबलमधलं अंतर ६ मीटर. ३३ सक १९८. "मग बाई, २५० मधले बाकीचे ५२ मीटर कुठे गेले?" हा प्रश्न वहीवालीचा. फोटो मोठा करून पाहिला. मनोऱ्याला लागून थोडा रस्ता बिनकेबलचा आहे आणि पलीकडच्या खांबाजवळही थोडा. ५२ मीटर तिथे सापडले. आकडे आणि चित्र एकमेकांशी जुळले की वर्गात जी शांतता होते, ती आज झाली.

प्रमाण १:२०० ठरवलं. मनोरा ६४ सेंटिमीटर, एक गाळा सव्वा मीटर. प्रयोगशाळेची दोन टेबलं जोडावी लागतील.

शनिवार, १३ जुलै

वांद्रे किल्ल्यावर नेलं. पाऊस मधूनमधून. पोर्तुगीजांनी १६४०मध्ये बांधलेला हा किल्ला माहीमच्या उपसागराच्या उत्तर टोकावर आहे, समोर दक्षिण टोकावर वरळीचा किल्ला. दोन्ही एकेकाळी याच पाण्यावर नजर ठेवायला बांधले होते. सेतू त्याच दोन टोकांमधून जातो. मिठी नदी मधे येऊन मिळते.

जुळ्यांनी हाताच्या बोटांनी मनोऱ्याचा कोन धरून पाहिला. त्याचे तिरके पाय वर जाऊन एक होतात, उलटा वाय. गाणारी म्हणाली, "बाई, तंबोरे उभे करून ठेवल्यासारखं दिसतंय." तेव्हा मी नुसती हसले. नंतर या एका वाक्याने बरंच काम केलं.

परतताना माहीम कॉजवेवर बस अडकली. तिथेच सांगितलं : हा रस्ता १८४०च्या दशकात लेडी अवाबाई जमशेटजी यांच्या देणगीतून झाला, १ लाख ५७ हजार रुपयांच्या. त्याआधी माहीम ते वांद्रे होडीने जायचं. एकाच उपसागराचे दोन पूल, दीडशेहून जास्त वर्षांच्या अंतराने. पहिला पाण्याच्या तोंडाशी भराव घालून, दुसरा उंचावरून. पोरांनी खिडकीतून खाली पाहिलं. ओहोटी होती, सगळा चिखल.

शनिवार, २७ जुलै

पहिला नमुना फसला. सनबोर्डचा रस्ता, शिवणकामाचा दोरा. दोरे ताणले तर रस्ता वर उचलला जाऊन धनुष्यासारखा वाकला. सैल सोडले तर दोरे लोंबले. मधली स्थिती मिळेचना.

कारण शोधायला पूर्ण तास गेला आणि तो वाया गेला नाही. सनबोर्ड इतका हलका की दोऱ्याला ओढायला कोणीच नाही. खऱ्या सेतूत काँक्रीटचं स्वतःचं वजन केबलला ताठ ठेवतं. एकेक तुकडा ३ मीटर लांबीचा, त्यातला सर्वांत जड १४० टनांच्या आसपास. आपण म्हणतो केबल रस्ता धरतात. रस्ताही केबलला धरतो. मुलांनी हे फळ्यावर लिहून त्याभोवती चौकट काढली.

ठरलं : रस्ता प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा ओतायचा.

शनिवार, ३ ऑगस्ट

सुतारमामांनी मनोरा दिला. सागाच्या पट्ट्या, पाया अठरा मिलिमीटरच्या प्लायचा, टेबलाला शिकंज्याने आवळलेला. माथ्यावर दोऱ्यांसाठी बारीक भोकं. मामांनी एकही खिळा वापरला नाही, सगळे सांधे सालपट निघेल इतके घट्ट बसवले. पैसे विचारले तर म्हणाले, पोरांना रंधा धरू द्या एक दिवस, तेच द्या. दिला.

२६४ दोरे जमणार नाहीत. जाण्याचा आणि येण्याचा अशा दोन पट्ट्यांपैकी एकच करायचा आणि एकाआड एक केबल घ्यायची. म्हणजे एका बाजूला १६ तुकडे, दुसऱ्या बाजूला १६, प्रत्येक तुकड्याला दोन दोरे. ६४ दोरे. एक तुकडा ६ सेंटिमीटर लांब, १० रुंद, दीड जाड. प्रत्येकाच्या दोन्ही कडांना बांबूची छोटी खुंटी : पिळली की दोरा तिच्यावर गुंडाळला जातो. खुंटीची कल्पना अर्थातच तंबोरेवालीची.

शनिवार, १० ऑगस्ट

ओतकाम. आज जे शिकलो ते पुस्तकात वाचलं होतं, पण हाताला कळलं आज.

साच्यातून काढलेले पहिले चार तुकडे एकमेकांना लावले तर कुठे कागदाएवढी फट, कुठे कंगोरा. चारांत एवढं तर सोळांत रस्ता नागमोडी होणार. खऱ्या कामात असे तुकडे एकमेकांना लागूनच ओततात. आधीच्या तुकड्याची कड हाच पुढच्या तुकड्याच्या साच्याचा एक पाखा. मधे चिकटू नये म्हणून लेप. दोन्ही कडा जुळ्या निघतात. मात्र मग तुकड्यांची अदलाबदल चालत नाही, सातवा सातव्याच जागी बसतो.

आम्ही कडेला खोबरेल तेल लावलं. छान सुटले. वजन भरलं ९८ ते १०६ ग्रॅम. प्रत्येकावर पेन्सिलने क्रमांक : 'वां १', 'वां २', 'व १', 'व २'. वांद्र्याची बाजू थोरल्या जुळ्याकडे, वरळीची धाकट्याकडे. थोरला चार मिनिटांनी थोरला आहे आणि ते तो विसरू देत नाही.

सोमवार, १९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. कोळीवाड्याचा आज नाही, घरी सण आहे. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठली तरी अनेकांच्या होड्या आजच्या पूजेनंतरच खऱ्या अर्थाने पाण्यात जातात, असं त्याने शुक्रवारी सांगितलं होतं.

जाताना त्याने एक रीळ ठेवलं. तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा. शिवणकामाच्या दोऱ्यापेक्षा हजारपट बरं, गुळगुळीत, एकसारखं. वडिलांनी दिलं आणि निरोप पाठवला : नवं आहे, आधी वजन टांगून ताणून घ्या, मग वापरा. घाई होती. आम्ही ताणलं नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

जोडणी सुरू. मनोऱ्यापासून बाहेर, एक तुकडा वांद्र्याकडे, एक वरळीकडे. आधीचे दोरे बांधून झाल्याशिवाय पुढचा तुकडा नाही. खाली टेकू नाही. खरा सेतूही असाच वाढला, तागडीच्या दोन पारड्यांसारखा. समुद्रात टेकू उभे करत बसण्यापेक्षा मनोऱ्यालाच तागडीची दांडी करायची. तुकडे पुढेमागे सरकू नयेत म्हणून आत स्ट्रॉ ओवून त्यातून तार घेतली आहे, शिवाय तिरक्या दोऱ्यांची ओढच त्यांना मनोऱ्याकडे दाबून धरते. गाळा जितका लांब होतो तितका मुळाशी हा दाब वाढतो. बोटाने पहिला आणि आठवा तुकडा हलवून पाहा : आठवा किंचित डुलतो, पहिला दगडासारखा.

एक अपघात. थोरल्याने दोन तुकडे जास्त जोडले, धाकटा खुंटी पिळत बसला होता. वांद्र्याकडे नऊ, वरळीकडे सात. मनोऱ्याचा माथा ४ मिलिमीटर वांद्र्याकडे झुकला. ओळंबा लावून मोजलं. दोघांचं भांडण झालं. मग त्यांनीच नियम केला : दोघांनी मोठ्याने आकडा म्हटल्याशिवाय पुढचा तुकडा उचलायचा नाही. दुपारभर प्रयोगशाळेत "आठ!", "आठ!" असं चाललं होतं.

बुधवार, २८ ऑगस्ट

दहीहंडीची सुट्टी संपवून कुलूप काढलं. दोन्ही टोकं खाली आलेली. वांद्रे २२ मिलिमीटर, वरळी १९. कोणी हात लावलेला नाही.

तंगूस सैलावलं. नायलॉन सतत ताणाखाली हळूहळू लांबतं, शिवाय पाणी शोषतं. ऑगस्टमधल्या मुंबईची हवा आणि उघडी खिडकी. निरोप आला होता, आम्ही ऐकला नाही. मुलांसमोर हे मी स्पष्ट म्हटलं, कारण घाई माझी होती. सोळाच्या सोळा तुकडे उतरवले. कोळीवाड्याचा एक शब्द बोलला नाही. त्याने रीळ घेतलं, गॅलरीच्या कठड्याला दोरे बांधले आणि प्रत्येकाला पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली टांगली. सात दिवस राहू दे म्हणाला.

शनिवार, २१ सप्टेंबर

गणपतीनंतर पुन्हा सुरुवात. ताणलेलं तंगूस पहिल्यापेक्षा फारच शहाण्यासारखं वागतं. दहा-दहा जोडले. एका रात्रीत टोक फक्त दीड मिलिमीटर उतरलं.

आता खरा प्रश्न : कुठल्या दोऱ्यात किती ताण आहे हे कळायचं कसं? काट्याने मोजायचा तर दोरा सोडवावा लागतो.

तंबोरेवालीने दोरा छेडला. ताण जास्त तर सूर चढा, हे तिला कोणी शिकवायला नको. पण मनोऱ्याजवळचे आखूड दोरे थोडे गुणगुणले, लांबचे नुसते थरथरले, कानाला काहीच नाही. ती हिरमुसली. मग धाकट्याने मोबाइल काढला. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं येतात. दोरा छेडायचा, चित्रण करायचं, एक सेकंदाची कंपनं मोजायची.

सर्वांत लांब दोऱ्याची चाचणी वेगळ्या चौकटीवर केली. लांबी १२० सेंटिमीटर. सेकंदाला ३१ कंपनं. दहा मीटर तंगूस प्रयोगशाळेच्या तराजूवर २.२४ ग्रॅम भरलं. सूत्रात घातलं : ताण साधारण १२६ ग्रॅम वजनाएवढा. मग तोच दोरा स्प्रिंगच्या काट्याला लावला. काटा १२५ आणि १३०च्या मधे.

पाचही जण एकदम ओरडले. शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. मोठ्या पुलांच्या केबलचा ताणही अभियंते त्यांची कंपनं मोजून काढतात हे मी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो धड्यातला एक मुद्दा झाला असता.

आणि १२५ का? एका दोऱ्यावर अर्ध्या तुकड्याचा भार, ५० ग्रॅम. पण लांबचा दोरा इतका आडवा पडतो की त्याची बरीचशी ओढ रस्त्याला मनोऱ्याकडे दाबण्यात जाते, उचलायला थोडीच उरते. ५० ग्रॅम उचलायला त्याला सव्वाशे ग्रॅम ओढावं लागतं. मनोऱ्याजवळचा उभा दोरा ५५ ग्रॅमच्या आत भागवतो. मनोरा एवढा उंच का, याचं उत्तर इथे मिळालं. मनोरा बुटका केला की सगळेच दोरे आडवे होतात.

शनिवार, ५ ऑक्टोबर

सर्वांत अवघड दिवस. बारावा तुकडा ३ मिलिमीटर खाली होता. थोरल्याने बाराव्याची खुंटी पिळून तो वर घेतला. अकरावीचा दोरा सैल पडला. अकरावा पिळला तर दहावा गेला, आणि बारावा पुन्हा बदलला. तासाभरात सगळा रस्ता लाटांसारखा. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा मागवला, पोरांना बिस्किटं दिली, अर्धा तास कोणी पुलाला हात लावायचा नाही असं सांगितलं.

वहीवालीने तेवढ्यात कोरं पान आखलं. ती म्हणाली, दुरुस्ती नको, फक्त बघू या. एका खुंटीला अर्धा पीळ द्यायचा, बाकी सगळ्यांचा ताण मोजायचा, लिहायचं, पीळ परत काढायचा, मग पुढची खुंटी. बाराव्याला अर्धा पीळ : त्याचा ताण १८ ग्रॅमने वाढला, अकराव्याचा ९ ने उतरला, दहाव्याचा ४ ने, नवव्याला जेमतेम कळलं. प्रत्येकाची अशी ओळ. संध्याकाळपर्यंत तक्ता भरला.

मोठे पूल बांधणाऱ्यांचा गणिताचा गाभा हाच आहे. पूर्ण झालेल्या पुलात प्रत्येक केबलचा ताण किती हवा हे आधी ठरवतात. मग कागदावर पूल उलटा मोडत जातात, शेवटचा तुकडा काढ, त्याच्या आधीचा काढ, आणि त्या त्या क्षणी उरलेल्या केबलमध्ये किती ताण असेल ते काढतात. बांधताना तोच आकडा लावायचा. म्हणून अर्धवट पुलाचं टोक मुद्दाम थोडं वर असतं. ते चुकीचं दिसतं आणि बरोबर असतं. पुढचे तुकडे त्याला खाली आणणार असतात.

अकरा वर्षं मी ताण आणि कंपन शिकवते आहे. इतकं स्वच्छ मला स्वतःला आज दिसलं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सोळा-सोळा पूर्ण. तक्त्याप्रमाणे, मोठ्याने आकडे म्हणत. टोकं ६ मिलिमीटर वर ठेवली. शेवटचा पंधरा सेंटिमीटरचा तुकडा खांबावर टेकवला तेव्हा ती हवी तिथे आली. वांद्र्याकडे १ मिलिमीटरचा फरक. तो तसाच राहील.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, मग माझी निवडणुकीची ड्युटी. शाळेत मतदान केंद्र असल्याने टेबलांसकट पूल उचलून वाचनालयात न्यावा लागला. शिपाईमामा, जुळे, मी. काही मोडलं नाही. तीन दोरे पुन्हा लावले.

शनिवार, २३ नोव्हेंबर

पंख्याचा वारा देऊन पाहिला. रस्ता हलला नाही, पण लांबचे दोरे पट्ट्यांसारखे फडफडले. त्यांच्यामधे आडवा बारीक दोरा बांधल्यावर थांबले. तंबोरेवालीचं म्हणणं, तारेवर बोट ठेवल्यावर असंच होतं.

कोळीवाड्याच्याने आज आपला भाग आणला. इतके दिवस तो म्हणत होता की पुलाखाली नुसता निळा कागद नको. घरून त्याने दहा होड्या कोरून आणल्या, पाच-पाच सेंटिमीटरच्या, म्हणजे खऱ्या दहा मीटरच्या. डोलकाठ्या मापात. खाली आरशाची पट्टी टाकून त्यावर उभ्या केल्या.

त्यानेच वर्गाला वरळीच्या क्लीव्हलँड बंदराची गोष्ट सांगितली. किनारी रस्ता सागरी सेतूला जोडताना तिथल्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. एवढ्या फटीतून खवळलेल्या पाण्यात होडी काढणं धोक्याचं, असं मच्छीमार सांगत राहिले, काम अडवून बसले. शेवटी एक खांब वगळून गाळा १२० मीटरचा झाला. याच वर्षी एप्रिलमध्ये तिथे १३६ मीटरची कमान चढली. "बाई, पूल वरून जाणाऱ्यांना विचारून बांधतात. खालून जाणारे पण आहेत ना." मी हे वाक्य फलकावर लिहायला सांगितलं. तो नको म्हणाला. होड्या आहेत तेवढं पुरे म्हणाला.

शनिवार, १४ डिसेंबर

प्रदर्शन. सकाळी आठला ताण मोजले, चौसष्टपैकी पाच दोरे लावून घेतले. परीक्षकांनी दोरा कापायला सांगितला. तिसरा कापला. रस्ता जेमतेम वाकला. परीक्षकांना वाटलं खाली टेकू आहे. वहीवालीने तक्ता काढून दाखवला की तिसऱ्याचा भार दुसऱ्याने आणि चौथ्याने वाटून घेतला. मग सोळाव्या तुकड्याचे दोन्ही कापले तेव्हा टोक खांबाच्या बाजूने खचलं, आणि जुळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझी पहिल्या दिवसाची अट चुकीची होती. एक दोरा कापून पडणारा पूल कोणी बांधूच नये. वहीत तसं नोंदवलं.

चारच्या सुमाराला कोळीवाड्याच्याचे वडील आले, कामावरून थेट. बराच वेळ काही न बोलता बसून पाहत राहिले. मुलाने त्यांना एक दोरा छेडून दाखवला. त्यांनी तंगूस ओळखलं, बोटाने दाबून पाहिलं, मान हलवली. मग वाकून होड्यांकडे बघितलं. आम्ही दहाही होड्या गाळ्याच्या बरोबर मधे, एका ओळीत लावल्या होत्या.

"इथून नाय," ते म्हणाले. सगळ्यांत पुढची होडी दोन बोटांत धरून त्यांनी मनोऱ्याच्या अंगाला चार बोटं सरकवली. "ओहोटीला पाणी हिकडून ओढतंय." मग दुसरी होडी. मग तिसरी. दहाही लावून झाल्यावर मुलाने खडू घेतला आणि आरशावर त्यांच्या खुणा केल्या.